त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन: नागपूरला निघण्याआधी

तोंडाचा कॅन्सर उलटला असं वाटलं, की आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. पहिल्या रेडिएशनने कुजलेलं हाडही स्कॅनवर गाठीसारखं दिसू शकतं. ऑपरेशन शक्य असेल तर पहिला मान त्याचा.

गडचिरोली-यवतमाळकडून निघताना नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. जुन्या हॉस्पिटलातून एकूण डोस किती ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), किती बैठका, शेवटची तारीख आणि रेडिएशनच्या प्लॅनची सीडी मागून घ्याच. मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातल्या मुख्य नसेला) आधी किती डोस गेला, यावर सगळं अडतं. दोन्ही वेळची बेरीज मर्यादेपलीकडे गेली तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात.

दोन रेडिएशनच्या मधे किमान ६ महिने गेलेले हवेत. २ वर्षं झाली असतील तर फारच बरं. दुसऱ्या वेळी साधारण ६० ग्रे, रोज २ ग्रे प्रमाणे ३० बैठका, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे मुक्काम. किरण फक्त गाठीवर आणि भोवतीच्या काही मिलिमीटरवर, म्हणून आयएमआरटीची (किरण नेमके गाठीवर रोखणाऱ्या तंत्राची) सोय आहे का ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसावर हा कोर्स लादू नका. त्याला वेदना शमवणारं मॉर्फिन मिळवून द्या.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. किडका दात गावात उपटू नका, जबडा कुजतो. तोंडातून किंवा मानेतून थोडंही रक्त आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: मानेची मोठी रक्तवाहिनी फुटण्याची ती सूचना असू शकते.