बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो का?

नोकरीच्या सुरुवातीला मी सातवीच्या वर्गाला ठासून सांगितलं होतं, नाग दूध पीत नाही. मुलांनी माना डोलावल्या आणि चाचणीत बरोबर उत्तर लिहिलं. नंतर सहज एका मुलीला विचारलं, "नाग दूध पितो असं आधी का वाटायचं गं?" म्हणाली, "आजी सांगायची." "आणि पीत नाही हे कशावरून?" "तुम्ही सांगितलंत ना, बाई."

आजीच्या जागी बाई आल्या होत्या, एवढाच फरक. पोरीनं स्वतः काहीच तपासलं नव्हतं. तेव्हापासून मी वेगळ्या वाटेनं जाते. माझी शाळा सातारा जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. प्रयोगशाळा नाही, अंगण मात्र मोठं आहे. तेवढं पुरतं.

सुरुवात श्रद्धेच्या विषयापासून करू नका. मूल शाळा आणि घर यांच्या कात्रीत सापडतं आणि गप्प बसतं. सगळ्यांना पक्की माहीत असलेली आणि अंगणात तपासता येणारी साधी गोष्ट निवडा. मी जानेवारीत फळ्यावर लिहिते: 'दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो.' खरं की खोटं?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुणालाही तोंडी उत्तर देऊ देऊ नका. दोन हुशार मुलं बोलली की बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. प्रत्येकानं वहीत पेननं लिहायचं: 'मला वाटतं... कारण...' कारण लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. खोडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकीचा अंदाजही वहीत जसाच्या तसा राहिला पाहिजे, कारण पुढं त्याचंच काम पडतं.

मग बोलायला सांगा, आणि प्रश्न विचारल्यावर स्वतः थांबा. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मी मनात पाचापर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते, सवय होते. उत्तर आलं की 'शाब्बास' किंवा 'चूक' असं काही न म्हणता फक्त 'कशावरून?' विचारते.

आता अंगणात. एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी रोवा. साडेअकरा ते दोन, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करून लांबी मोजा. खिचडीची सुट्टी मध्ये येते, म्हणून गटांच्या पाळ्या लावा. बारा वाजले की मुलं काठीभोवती गोळा होतात. सावली असतेच! शिवाय ती अजून आखूड होत असते. आमच्याकडे जानेवारीच्या मध्याला सर्वांत आखूड सावली सुमारे 81 सेंटीमीटर भरते, तीही पाऊण वाजायच्या सुमाराला.

नेमकी किती वाजता, यावर गटांत वाद होतो, कारण त्या वेळी सावली मिलिमीटरनंच बदलते. वाद मिटवायची घाई करू नका. एका वर्षी तो मुलांनीच सोडवला. एक मुलगा म्हणाला, साडेअकराची सावली आणि दोनला चार कमी असतानाची सावली सारखीच लांब आहे, मग मधली वेळ काढू या. मधली वेळ आली 12 वाजून 43 मिनिटं. शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीवरून मध्यान्ह काढायची जुनी रीत हीच, त्याला कुणी सांगितली नव्हती.

सूर्य बरोबर डोक्यावर आमच्याकडे वर्षातून दोनदाच येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. एकदा सुट्टी असते, एकदा ढग. हे मात्र मोजमाप झाल्यावरच सांगा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. ती गेली तर निम्मं काम वाया जातं. आधीच्या अंदाजाखाली मुलं तीन गोष्टी लिहितात: आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशामुळे बदललं. 'मी चुकलो' एवढंच लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून विचारा, कुठल्या खुणेपाशी शंका आली? या लिखाणाला मी गुण देत नाही. गुण दिले की मुलं बाईंना आवडेल तेच लिहितात.

पोर्शन मागं पडतो, ही तक्रार खरी आहे. प्रत्येक पाठाला असं करता येत नाही. मी महिन्यातून दोनदा करते. अशा पाच-सहा खेपा झाल्या की नागाचा विषय काढते, आणि तेव्हाही 'पीत नाही' म्हणत नाही. 'हे तपासायचं झालं तर काय काय बघावं लागेल?' एवढंच विचारते. मग मुलं सापाची जीभ, दात, त्याचं खाणं याबद्दल स्वतः विचारू लागतात.

गेल्या वर्षी एका मुलीनं 'आता काय वाटतं'च्या खाली लिहिलं, 'नागपूरला मामाकडे पण पाऊण वाजताच होत असेल का?' मला उत्तर ठाऊक होतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतं, सातारा चौऱ्याहत्तरच्या आसपास, नागपूर त्याच्या पूर्वेला, आणि पूर्वेकडे दर अंशाला मध्यान्ह चार मिनिटं आधी. मी बोलले नाही. रविवारी तिच्या मामानं गच्चीवर काठी उभी केली आणि फोनवर वेळ सांगितली, 12 वाजून 20 मिनिटांच्या जरा पुढं. सोमवारी तिनं ती वेळ फळ्यावर आमच्या वेळेशेजारी लिहिली आणि वर्गाला विचारलं, "मग दोन्हीकडं घड्याळ एकच कसं?"

मी मागं जाऊन बसले आणि पाचापर्यंत मोजायला लागले. तिसऱ्या आकड्यालाच चार हात वर झाले होते.