उन्हाळ्याचं वीजबिल आवरायचं तर

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरात एसीचा विषय निघतो. जरा थांबा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथे झकास चालतो. एक टनाचा एसी हजारभर वॅट ओढतो, घरगुती कूलर दोनशेच्या आतबाहेर.

फक्त कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करू नका. दमट हवेला बाहेर जायला वाट मिळाली नाही की अंग चिकचिकतं, आणि मग लोक उगाच कूलरला नावं ठेवतात. कूलरची पाठ उघड्या खिडकीकडे ठेवा, समोरचं दार चार बोटं उघडं राहू द्या. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायचीच, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. रोज नळ न येणाऱ्या गावात ते गटारात कशाला?

पश्चिमेच्या खिडकीवर जुनी सोलापुरी चादर टांगा, पण बाहेरच्या बाजूनं. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे काच आधीच तापलेली असते. संध्याकाळी चादर काढून खिडक्या सताड उघडायच्या.

पंखा बिघडलाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा घ्या. जुना ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. शंभर युनिटच्या वर दर चढतो, तिथेच ही बचत कामी येते.