आरोग्य केंद्रातील समुपदेशनाबद्दल रुग्णाचे मत कसे घ्यावे

“बरे वाटले ना?” असे समुपदेशकानेच विचारले, तर गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याकडचा रुग्ण भिडेपोटी “बरें आसा” म्हणून मोकळा होतो आणि केंद्राच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून ज्याने समुपदेशन केले त्याने मत विचारू नये, आणि विचारणारी व्यक्ती रुग्णाच्याच वाड्यावरची नसावी. शेजाऱ्यासमोर मनाच्या त्रासाबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

गोव्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात 12 सरकारी आरोग्य केंद्रे आणि 12 खासगी दवाखाने होते, आणि डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने सरकारी केंद्रांतील रुग्णांना लाभ झाल्याचे 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. असे काम विश्वासावर चालते. तो उडाला, तर रुग्ण तक्रार करत नाही, यायचा थांबतो.

समाधान मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आठ प्रश्नांची असून तिचे गुण 8 ते 32 असतात. ती जरूर वापरावी, परंतु केवळ बेरजेवर विसंबू नये. प्रश्नावली मराठीत छापलेली असली, तरी प्रश्न रुग्ण घरी बोलतो त्या कोकणीत तोंडी विचारावेत. त्यांना दोन मोकळे प्रश्न जोडावेत: “तुमच्या बहिणीला असाच त्रास झाला, तर तिला इथे यायला सांगाल का?” आणि “इथे येताना सर्वांत अवघड काय गेले?” दुसऱ्या प्रश्नाला बुडालेली रोजंदारी, चुकलेली बस, दार उघडे ठेवून झालेले बोलणे अशी नेमकी उत्तरे मिळतात. ती रुग्णाच्याच शब्दांत लिहावीत, मात्र कागदावर नाव घालू नये.

माझ्या मते सर्वांत मोलाचे मत मध्येच येणे सोडलेल्यांचे असते, आणि नेमके तेच कोणी घेत नाही. त्यांनी आधी संमती दिलेली असेल, तरच फोन करावा. चवथीच्या धामधुमीत किंवा काजूच्या हंगामात पडलेला खाडा लगेच नाराजी समजू नये.

बोलताना कोणी जीव नकोसा झाल्याचे सूचित केले, तर प्रश्नावली तिथेच थांबवावी, त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक तिच्या जवळच्या माणसाकडेही लिहून द्यावा.