फ्लेक्सबॉक्स ग्रिड फुटतोय? या चुका टाळा

फ्लेक्सबॉक्स (सीएसएसमध्ये घटक रांगेत मांडायची पद्धत) वापरून तीन कार्डं एका रांगेत नीट बसलेली असतात आणि मधे गॅप, म्हणजे मोकळी जागा, टाकला की तिसरं खाली उतरतं. अशा वेळी मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार बदलणारे नियम) वाढवण्याआधी बेरीज करून बघा. कंटेनर ११४० पिक्सेलचा असेल तर एक तृतीयांश म्हणजे ३८०. तीन कार्डं आणि २४ पिक्सेलचे दोन गॅप मिळून ११८८ होतात. फ्लेक्स-रॅप (न मावणारं पुढच्या ओळीत ढकलणारा नियम) चालू असेल, तर तिसरं कार्ड खाली जाणारच. कॅल्क (सीएसएसमधलं गणिताचं फंक्शन) वापरून १०० टक्क्यांतून ४८ पिक्सेल वजा करा आणि ३ ने भागा. प्रत्येक कार्ड ३६४ चं होईल.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळीच. मागे एका साइटवर तीन समान कॉलम होते, तिन्हींना फ्लेक्स: १, म्हणजे जागा सारखी वाटून घ्या. एका कार्डात कुणीतरी लांबलचक लिंक पेस्ट केली. तो कॉलम फुगला, शेजारचे दोन चेपले गेले, आणि मोबाइलवर अख्खं पान आडवं सरकायला लागलं. मी ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ते आकडे) तपासत बसलो होतो, पण दोष तिथे नव्हताच. फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, म्हणून आतल्या न तुटणाऱ्या सर्वांत लांब शब्दापेक्षा तो अरुंद होत नाही. कॉलमला मिन-विड्थ: ० द्या आणि मजकुराला ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर. मिन-विड्थ तशीच ठेवून नुसतं ब्रेक-वर्ड देऊन इथे भागत नाही, कारण किमान रुंदी मोजताना ब्राउझर ते तुटणं धरत नाही. एनीव्हेअरचं धरतो.

बूटस्ट्रॅप ५ (तयार सीएसएसचा संच) मध्ये रो-ला, म्हणजे कॉलम धरणाऱ्या रांगेला, दोन्ही बाजूंनी उणे १२ पिक्सेलचं मार्जिन असतं. ती कंटेनरबाहेर साध्या डिव्हमध्ये ठेवली की आडवा स्क्रोल येतो. तो लपवायला रॅपरवर ओव्हरफ्लो हिडन टाकू नका, आतला स्टिकी मेन्यू चिकटायचा थांबतो. रो कंटेनरमध्ये घ्या, एवढंच.

बूटस्ट्रॅपचे गटर (कॉलममधली जागा) किंवा ब्रेकपॉइंट बदलले तरी फरक दिसत नाही? सॅस (ज्यातून सीएसएस तयार होतं ती भाषा) व्हेरिएबल्स बूटस्ट्रॅप इम्पोर्ट करण्याआधी लिहायची असतात. नंतर लिहून उपयोग नाही, तोवर ग्रिडचं सीएसएस तयार झालेलं असतं.

आणि मोबाइलवर कॉलमचा क्रम सीएसएसच्या ऑर्डरने उलटवत असाल, तर एकदा माउस बाजूला ठेवून टॅब दाबत पान फिरून बघा. फोकस एचटीएमएलच्या मूळ क्रमानेच फिरतो. कीबोर्डवर काम करणाऱ्याला तो वर-खाली उड्या मारताना दिसतो. तसं होत असेल तर क्रम एचटीएमएलमध्येच बदला.