गावातल्या लढाईच्या दगडावर नुसता आकडा आहे, नावं शोधायची कशी?

सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड, पुणे या भागातल्या जुन्या गावांमध्ये चावडीच्या भिंतीत, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या आवारात एक छोटी संगमरवरी पाटी बऱ्याच ठिकाणी असते. मजकूर सगळीकडे जवळपास एकच, या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बास. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथले ४६ जण त्या लढाईत मेले, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो पण ४६ मधली पाच नावं सांगा म्हटलं तर किती जणांना येतील?

सैनिकाला बाकीच्यांपेक्षा वेगळा मान द्यावा का यावर आपल्याकडे जोरात भांडणं होतात, एकीकडे लोक म्हणतात शेतकरी, नर्स, गटारात उतरणारा कामगार हे पण जीव धोक्यात घालतातच की, आणि दुसरीकडे नुसतं असं विचारलं तरी देशद्रोही म्हणतात. मला स्वतःला वाटतं की मान द्यावा, आणि त्याचं कारण शौर्य नाही. कारण हे की तो माणूस आपल्या जिवाचा निर्णय दुसऱ्यांच्या हातात देऊन टाकतो, कुठल्या लढाईवर जायचं हे तो ठरवत नाही, ती लढाई बरोबर होती की चूक हेही त्याला कोणी विचारत नाही. म्हणून पाठवणाऱ्यांनी आणि मागे राहिलेल्यांनी निदान हिशोब तरी नीट ठेवला पाहिजे, कोण गेला, कुठे गेला, कशाने मेला, घरी कोण राहिलं. हा हिशोब गावपातळीवर कसा लावायचा ते खाली लिहितोय, कोणालाही करता येईल असं काम आहे, फक्त चिकाटी लागते.

आधी पाटी नीट वाचा. बऱ्याच पाट्यांवर चुना नाहीतर ऑइल पेंट चढलेला असतो. तारेचा ब्रश, ॲसिड, पॉलिश पेपर काही लावू नका, संगमरवर खरवडला की अक्षरं कायमची जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च पाटीला अगदी चिकटवून बाजूने मारायचा, म्हणजे कोरलेल्या अक्षरांत सावली पडते आणि दिवसा न दिसणारा आकडा दिसतो. फोटो तेव्हाच काढून घ्या, आणि पाटी कुठल्या भिंतीत आहे तेही लिहून ठेवा कारण ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधताना या पाट्या राडारोड्यात जातात. गावात पाटी नसेल तर याचा अर्थ कोणी गेलं नाही असा नाही.

मग घरोघरी विचारा, आणि "तुमच्या घरातलं कोणी पहिल्या महायुद्धात होतं का" असं विचारू नका, उत्तर नाही असंच येतं. "पलटणीत कोण होतं", "बसऱ्याला कोण गेलं होतं", "पेन्शन कोणाला यायची", असं विचारा. जुन्या माणसांच्या बोलण्यात बसरा हमखास येतं कारण आपल्या मराठा पलटणींपैकी बऱ्याच तेव्हाच्या मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. आणि हो, फक्त वाड्यांमध्ये नका विचारू. महारवाड्यात, मुसलमान मोहल्ल्यात, धनगरवाडीवर, रामोशी आणि चांभार घरांत पण जा. महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती, लढाईत माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. ज्यांना गरजेपुरतं घेतलं आणि नंतर काढलं त्यांच्या घरी विचारायला आजवर कोणी गेलेलं नसतं. शिवाय खेचरं हाकणारे, पाणके, स्वयंपाकी, हमाल असे कितीतरी जण लढाईवर गेले, त्यांच्या हातात बंदूक नव्हती म्हणून गावानेही त्यांना शिपाई धरलं नाही, पण ताप आणि हगवण त्यांनाही तितकीच लागली.

कोणाच्या ट्रंकेत पदक निघालं तर समोरची राजाची बाजू सोडा, कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, भिंग लागेल. घासून उजळवू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. पुष्कळ घरांनी ही पदकं दुष्काळात मोडून खाल्ली, त्याबद्दल कोणाला बोल लावायचं काहीच कारण नाही. काही घरांत तळहाताएवढी जाड ब्राँझची गोल थाळी निघते, त्यावर सिंह आणि हातात पानांचं कडं धरलेली बाई असते, ती फक्त मेलेल्यांच्या घरी पाठवायचे, त्यावर नाव उठवलेलं असतं पण हुद्दा नसतो.

पलटणीचा नंबर मिळाला की अर्धं काम झालं. तेव्हा मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा नंबरांनी ओळखल्या जायच्या, १९२२ मध्ये त्या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली, तीच पुढे आजची मराठा लाइट इन्फन्ट्री. नंबर कळला की माणूस कुठे असेल ते कळतं. १०३, ११० आणि ११७ यातला कुठला नंबर दिसला तर कूटचा वेढा वाचून काढा. बगदादच्या खाली तैग्रिस नदीच्या वळणावर कूट नावाचं गाव आहे, तिथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ इंग्रजांची फौज तुर्कांनी कोंडून धरली, १४७ दिवस. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला लागले, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, जात जाईल, घरी तोंड कसं दाखवायचं ही भीती, आणि मग हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, पोरं उभी राहू शकेनात. गावातले सहा हजारांच्या आसपास अरब लोक पण त्याच वेढ्यात अडकले होते, त्यांचा या भांडणाशी काय संबंध? सोडवायला आलेल्या फौजेतले २३ हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले आणि तरी वेढा उठला नाही. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली, त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, हिंदी कैद्यांपैकी कितीतरी जणांना रेल्वेच्या कामाला जुंपलं, हजारो परत आलेच नाहीत.

बसऱ्याला या मोहिमेतल्या, कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त लोकांचं स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा टाकला. तुमच्या चावडीतल्या पाटीवर आकडा आणि तिकडे बसऱ्यातही आकडा. हे स्मारक सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल रीतसर माफी मागितली.

पण नावं कागदावर आहेत, आणि तिथेच तुम्हाला जायचंय. या कमिशनच्या वेबसाइटवर युद्धात मेलेल्यांची नावं शोधायची सोय फुकट आहे. नाव शोधताना आधी देश 'इंडियन' निवडा, पलटण टाका, आणि मग जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकून बघा, कारण काही नोंदींत अमक्याचा मुलगा, तमकं गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, आणि कितीतरी वेळा आडनावच नाही, नुसतं रामा किंवा बाबाजी आणि वडिलांचं नाव. म्हणून पहिली तीन-चार अक्षरं टाकून शोधा. जिल्हे पण तेव्हाचे टाका, रायगड नाही कुलाबा, सिंधुदुर्ग नाही रत्नागिरी, सांगलीतले बरेच तालुके साताऱ्यात. यादी डाउनलोड करता येते, ती एक्सेलमध्ये घेऊन गावाच्या नावाने चाळणी लावा, एकेक नाव उघडत बसण्यापेक्षा हे फार बरं पडतं. दुसऱ्या महायुद्धाची नावं पण तिथेच आहेत, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. क्रॉसवाल्याचं नाव राहतं. त्याच हल्ल्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे मेले नाहीतर जखमी झाले, त्यांना कोण विचारतं?

तिथे नाव मिळालं नाही तर जमिनीचे कागद बघा, हे फार कमी लोकांना सुचतं. खातेदार मेला की फेरफारात वारस नोंद होते. तहसील ऑफिसच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार मिळतात, ज्या तालुक्यांचं स्कॅनिंग झालंय त्यांचे सरकारच्या आपले अभिलेख पोर्टलवर पण मिळतात. १९१५ ते १९२१ मधल्या नोंदी काढा, पुष्कळ मोडीत असतील, मोडी वाचणारा माणूस गाठावा लागेल. एक सावधगिरी ठेवा, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने गावंच्या गावं झोपवली, त्यामुळे त्या साली मेलेला प्रत्येक तरणा माणूस लढाईत गेला असं धरून चालू नका. आणि वारस नोंद उशिरा पडली असेल तर तीही गोष्ट महत्त्वाची आहे. आमच्या भागातल्या एका आजींनी सांगितलेलं, त्यांच्या आजेसासऱ्यांचा कूटनंतर पत्ता लागला नाही, मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही, आणि आजेसासूने कुंकू लावायचं की पुसायचं यावर भावकीत वर्षानुवर्षं वाद. सणाला बाहेर पडली की बायका आधी तिच्या कपाळाकडे बघायच्या. जमीन दिरांनी कसली. पाटीवरच्या "प्राण दिले" च्या आकड्यात तो माणूस धरला होता की नव्हता हेसुद्धा त्या घराला आजवर माहीत नाही.

१९४७ नंतरच्यांसाठी रस्ता सोपा आहे. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालं, तिथे ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. कागद हवे असतील तर घरच्यांनीच अर्ज करायचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, आणि अर्जात सर्व्हिस नंबर पाहिजेच. तो डिस्चार्ज बुकवर किंवा पेन्शनच्या कागदावर असतो. पेन्शन अडकली असेल, मुलांची शिष्यवृत्ती राहिली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, प्रत्येकाला माहीत असतं असं समजू नका, तुम्ही त्या घरच्या बाईंबरोबर एक दिवस जा आणि फॉर्म भरून द्या. सत्काराच्या शालीपेक्षा हा मान मला मोठा वाटतो.

त्या घरी गेल्यावर बोलायचं कसं, यावर जरा थांबतो कारण इथे फार वाईट वागलं जातं. २६ जानेवारीला स्टेजवर वीरपत्नीला बसवायचं, तिच्या देखत "हसत हसत मरणाला सामोरा गेला" असं भाषण ठोकायचं आणि नारळ हातात द्यायचा, असं करू नका, तो हसत गेला की नाही हे तुम्हाला माहीत नाही आणि तिला कदाचित माहीत आहे. फोन करून विचारून जा. कॅमेरा, हार, चार पुढारी नेऊ नका. मरणापासून सुरुवात करू नका, ताई, काका सुट्टीवर आले की काय करायचे, पत्रात काय लिहायचे, असं विचारा. श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये शांतिसेनेतले आपले हजाराच्या वर जवान मेले आणि परत आलेल्यांचं स्वागतही कोणी धड केलं नाही, अशा घरातला माणूस लढाईबद्दल चिडून बोलला, सरकारला शिव्या दिल्या, आम्हाला कशाला पाठवलं म्हणाला, तर मध्येच देशभक्ती शिकवू नका. मान द्यायचा म्हणजे त्याला त्याच्या लढाईबद्दल वाईट बोलायचाही हक्क द्यायचा. रडू आलं तर येऊ दे, पाणी द्या, वही बंद करा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा आणि नंतर घरच्यांना कॉपी द्या.

शेवटी यादी तयार झाली की गावातल्या दोन-तीन वेगवेगळ्या आळीतल्या जाणत्या माणसांना वाचून दाखवा, चुका तिथेच निघतात. यादीत फक्त मेलेले नकोत, गेलेले सगळे घ्या, हात-पाय गमावून आलेले, डोक्यावर परिणाम होऊन आलेले आणि मग "दारूडा" म्हणून ओळखले गेलेले पण. प्रत्येकापुढे गाव, वडील, पलटण, कुठे आणि कधी, आणि माहिती कुठून मिळाली ते लिहा, नुसतं ऐकलेलं असेल तर "सांगोवांगी" असं स्पष्ट लिहा. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत गावाचं नाव चुकलं असेल किंवा माणूसच राहिला असेल तर त्यांना पुराव्यासकट ईमेल करता येतो, पदकाच्या कडेचा फोटो, फेरफाराची नक्कल जोडा. उत्तर यायला वेळ लागतो, पाठपुरावा करत राहा. जुनी पाटी काढू नका, तिच्याशेजारी नावांची नवी पाटी लावायचा ठराव ग्रामसभेत मांडा, आणि खाली थोडी जागा कोरी ठेवायला सांगा कारण पाटी लागल्यावर कोणीतरी ट्रंक उघडून येतंच.