बीटची विरळणी नको, झुबके लावा
बीटचं ते खडबडीत बी म्हणजे बहुतेक जातींत 2 ते 4 बियांचा गोळाच असतो. म्हणून एक टाकलं तरी तीन रोपं वर येतात. ती उपटून एकच ठेवायचं मी कधीच सोडलं. रोपांच्या ट्रेच्या एका खणात असे दोन गोळे टाकते, चारेक रोपं राखते आणि बोटभर उंच झाली की अख्खा झुबका मातीसकट वाफ्यात लावते. दोन झुबक्यांत वीतभर अंतर. कंद एकमेकांना ढकलत बाहेरच्या बाजूला फुगतात. लिंबाहून मोठा झालेला आधी हलकेच पिरगाळून काढा, मागचे पोसतात. पातीच्या कांद्याच्या सहा-सात बिया एकत्र चालतात. लांब गाजराचं मात्र असं करू नका. एकमेकांत पीळ घालून बसतात आणि सोलताना जीव जातो.