विंडोज ११ टाकल्यावर वायफाय गेलं? आधी हे करून बघा

नवी पेठेत लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याची घाई करू नका. अपग्रेडनंतर वायफायचं कार्ड बहुतेक वेळा शाबूत असतं, ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला असतो.

विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. वायफायच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसतोय? मग प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. ते बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर उरलेला नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणारं यूएसबी टेदरिंग चालू करा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. कुठल्याही ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या नादी लागू नका, त्यातून नको ती सॉफ्टवेअर घुसतात.

वायफाय मधूनच तुटत असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा. हा टॅब प्रत्येक लॅपटॉपवर दिसेलच असं नाही.

जाड भिंतींच्या माळवदी घरात वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आतल्या खोलीत पोचता पोचता मरतो, तिथे २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा.

नेटवर्क रीसेट अगदी शेवटी. वायफायचे साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात, आधी लिहून ठेवा. तरीही जमलं नाही तर अपग्रेडपासून १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमधून जुन्या विंडोजवर परतता येतं.